दिवा लाल, तरी वळायची मुभा!

न्यू जर्सीतल्या एडिसनमधून एखादं मराठी कुटुंब शनिवारी सकाळी न्यूयॉर्क बघायला निघतं. पुण्याहून आलेले आई-बाबा मागच्या सीटवर, मुलगा गाडी चालवतोय. चौकात दिवा लाल होतो. मुलगा गाडी पूर्ण थांबवतो, डावीकडे नजर टाकतो, रस्ता मोकळा दिसतो आणि दिवा लालच असताना सरळ उजवीकडे वळतो. "अरे, लाल आहे, लाल!" आई मागून ओरडते. मुलाचं काही चुकलेलं नसतं, तिथला कायदाच तसा आहे. मग हॉलंड टनेल येतो, हडसन नदीच्या खालून गाडी मॅनहॅटनमध्ये बाहेर पडते. आता तोच ड्रायव्हर, तीच गाडी आणि तसाच लाल दिवा. पण तेच वळण इथे घेतलं तर दंड! न्यूयॉर्क शहरात लाल दिव्यावर वळायला मनाई आहे. जिथे चालतं तिथे तशी पाटी लावलेली असते, आणि अशा पाट्या मुख्यतः स्टेटन आयलंडच्या बाजूला दिसतात.

लाल म्हणजे थांबा, एवढं तर बालवाडीतलं पोरही सांगतं. पण लाल दिव्याला कडेनं वळता येतं का, या प्रश्नाला जगभर इतकी वेगवेगळी उत्तरं आहेत की ती गोळा करायला बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. यात तेलाचं राजकारण आहे, फुटलेला देश जोडला गेल्याची गोष्ट आहे, ट्राम आहेत, सायकली आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, यात पायी चालणारा माणूस आहे. त्याच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवू. अमेरिका, जर्मनी, चीनमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे तिथलं उजवं वळण म्हणजे आपलं डावं. समोरून येणारी वाहतूक न कापता कडेकडेनं घेता येणारं, सोपं वळण. मुभा मिळते ती या सोप्या वळणाला.

तेल आटलं आणि वळण मिळालं

ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि अरब तेलउत्पादक देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पेट्रोल पंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. मोठाल्या गाड्या आणि मुबलक पेट्रोल यांची सवय झालेल्या देशाला थेंबन् थेंब मोजायची वेळ आली. १९७४ मध्ये देशभर वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरवर आणली गेली. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रिकाम्या चौकात लाल दिव्याला गाड्या नुसत्या घरघरत उभ्या असतात, तेव्हाही पेट्रोल जळतंच की!

२२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा बचतीच्या कायद्यावर सही केली. त्यातली मेख अशी: ऊर्जा बचतीच्या योजनांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल, तर राज्यानं लाल दिव्यावर थांबून उजवीकडे वळायची परवानगी दिली पाहिजे. सक्ती नव्हती, पण पैसे कुणाला नको असतात! पश्चिमेकडच्या राज्यांना यात नवीन काही नव्हतं. कॅलिफोर्नियात ही मुभा १९४७ पासून होती. कुरकुर होती ती पूर्वेकडून. तिथली शहरं जुनी, रस्ते अरुंद, आणि फुटपाथवर माणसांची गर्दी. सगळ्यात शेवटी आलं मॅसॅच्युसेट्स. १ जानेवारी १९८० ला तिथे नियम लागू झाला आणि ५० राज्यांचा आकडा पूर्ण झाला. पण या राज्यानं एक शक्कल लढवली. नियम मान्य केला आणि चौकाचौकांत "लाल असताना वळू नये" अशा पाट्या ठोकून दिल्या. परवानगी कागदावर राहिली, रस्त्यावर मनाई!

या नियमावरून पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची चिडवाचिडवीही चालायची. वुडी ॲलनच्या १९७७ च्या ‘ॲनी हॉल’ या चित्रपटात न्यूयॉर्कवर जीव असलेला नायक लॉस एंजेलिसला टोमणा मारतो, तो याच लाल दिव्यावरच्या वळणावरून. प्रेक्षकांना विनोद लगेच कळायचा, कारण एका शहरात वळायची सवय होती आणि दुसऱ्यात मनाई.

आता गंमत पुढे आहे. हा नियम आला तो इंधन वाचवण्यासाठी. आज गाड्यांना सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी इंजिनं आहेत. इलेक्ट्रिक गाडी लाल दिव्याला उभी असते तेव्हा तिची मोटर फिरतच नाही. ज्या कारणासाठी मुभा दिली ते कारण झिजत चाललंय. मुभा मात्र जशीच्या तशी आहे.

मान कुठे वळते?

थोडं थांबून हे नीट बघू, कारण सगळा घोळ इथेच आहे.

डावीकडून गाडी चालवणाऱ्या आपल्या देशातला चौक घ्या. दिवा लाल आहे आणि ड्रायव्हरला डावीकडे वळायचंय. त्याला भीती कशाची? उजवीकडून, हिरव्या दिव्यावर भरधाव येणाऱ्या गाड्यांची. म्हणून त्याची मान उजवीकडे वळलेली असते. नजर उजवीकडे, डोक्यात एकच विचार: फट कधी मिळते? पाय ब्रेकवरून हलकेच सुटतोय, गाडी इंच-इंच पुढे सरकतेय, स्टॉप लाइन ओलांडून झेब्राच्या पट्ट्यांवर चढतेय. फट मिळाली! पाय ॲक्सिलरेटरवर आला, गाडी डावीकडे निघाली, आणि मान अजून उजवीकडेच आहे.

याच क्षणी डाव्या फुटपाथवरून कुणीतरी झेब्रावर पाऊल टाकलंय. शाळेचं दप्तर पाठीवर असलेली मुलगी असेल, भाजीची पिशवी घेतलेल्या काकू असतील. त्यांना गाडी दिसतेय, पण गाडीतल्या माणसाला त्या दिसत नाहीत. त्यांना वाटतं, लाल आहे म्हणजे हा थांबणार. त्याला वाटतं, रस्ता मोकळा आहे म्हणजे निघायचं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं आणि अपघात तरीही होतो. ड्रायव्हर दुष्ट असायची गरजच नाही. त्याला आपण एकाच वेळी दोन दिशांना बघायचं काम दिलंय, आणि त्यात एका दिशेला जिवाची भीती आहे, दुसऱ्या दिशेला नाही. मान आपोआप भीतीच्या दिशेला वळते.

अमेरिकेत नियम देशभर पसरल्यावर त्याचा हिशेबही झाला. काही राज्यांतल्या अपघातांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. नियम लागू झाल्यावर उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांनी पादचाऱ्यांना आणि सायकलस्वारांना धडकण्याचे प्रकार ठळकपणे वाढल्याचं त्यात दिसलं. अभ्यासकांनी नोंदवलेली खोडही तीच: ड्रायव्हर डावीकडच्या गाड्यांकडे बघतोय आणि धडक उजवीकडून येणाऱ्याला. एकूण अपघातांच्या मानानं हे अपघात थोडे आहेत, हेही खरं. पण पेट्रोल वाचलं गाडीवाल्याचं आणि जोखीम वाढली पायी चालणाऱ्याची, ही विभागणी मला कधीच पटलेली नाही.

आणि कायद्याची अट काय आहे? आधी पूर्ण थांबा, पादचाऱ्याला जाऊ द्या, मग वळा. वळण ही सवलत आहे आणि थांबणं हा नियम. व्यवहारात मात्र चाकं हळू फिरत राहतात आणि त्यालाच थांबणं म्हटलं जातं.

डावीकडेही? हो, डावीकडेही!

लाल दिव्यावर अवघड बाजूला वळता येईल का? अमेरिकेत बऱ्याच राज्यांत येतं, पण दोन्ही रस्ते एकेरी असतील तर. विचार केला तर पटतं. एकेरी रस्त्यावरून डावीकडच्या एकेरी रस्त्यावर शिरताना समोरची वाहतूक कापायचा प्रश्नच येत नाही. मिशिगन, ओरेगन, वॉशिंग्टन आणि आयडाहो ही राज्यं एक पाऊल पुढे आहेत. तिथे दुहेरी रस्त्यावरूनही, थांबून, लाल दिव्यावर डावीकडच्या एकेरी रस्त्यात शिरता येतं. तिथे जाऊन मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला, तर दचकू नका.

पत्र्याचा हिरवा बाण

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पूर्व जर्मनीतली आहे.

१९७८ मध्ये तिथे एक साधी, स्वस्त युक्ती निघाली. सिग्नलच्या लाल दिव्याशेजारी एक छोटी काळी पाटी लावायची आणि तिच्यावर उजवीकडे तोंड केलेला हिरवा बाण रंगवायचा. बस्स! वायर नाही, बल्ब नाही, वीज नाही. पाटी आहे त्या चौकात लाल दिव्याला थांबून उजवीकडे वळा, पाटी नाही तिथे वळू नका. कुठल्या चौकात मुभा द्यायची, हे चौक बघून ठरवायचं. अमेरिकेनं सगळीकडे मुभा देऊन नको तिथे मनाईच्या पाट्या लावल्या. पूर्व जर्मनीनं सगळीकडे मनाई ठेवून हवं तिथे मुभेची पाटी लावली. दिसायला फरक छोटा आहे, पण पाटी चोरीला गेली किंवा झाडाआड गेली तर काय होईल याचा विचार करा. जर्मन पद्धतीत पाटी दिसली नाही तर गाडी थांबते. अमेरिकन पद्धतीत पाटी दिसली नाही तर गाडी वळते.

१९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले. पूर्वेकडचं बहुतेक सगळं मोडीत निघत होतं: नाणी, कारखाने, गाड्या. हा बाणही जाणार होता. पण लोकांना तो सोडवेना. आधी त्याला मुदतवाढ मिळाली आणि १ मार्च १९९४ पासून तो अख्ख्या जर्मनीत कायदेशीर झाला. जिंकलेल्या पश्चिमेनं हरलेल्या पूर्वेकडून घेतलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक! पूर्वेच्या पादचारी सिग्नलमधला टोपीवाला माणूसही असाच टिकला. वाहतूक-मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाऊ यांनी १९६१ मध्ये तो रेखाटला होता. आज बर्लिनच्या दुकानांत कपांवर, पिशव्यांवर, टी-शर्टवर तोच दिसतो.

बाणाच्या वाट्याला मात्र टीकाही आली. बाण दिसला की ड्रायव्हर न थांबताच वळतात, ही तिथली जुनी तक्रार आहे. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशातही! मग आपल्या शहरांत काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. २०२० मध्ये जर्मनीनं या बाणाचा धाकटा भाऊ आणला. तो फक्त सायकलींसाठी आहे. गाड्या उभ्या राहतील, सायकल थांबून वळेल.

जगाची धावती फेरी

चीनमध्ये गोल लाल दिवा असेल तर इतरांना अडथळा न करता उजवीकडे वळता येतं. लाल दिव्यात बाणाचा आकार असेल तर मात्र थांबायचं.

जपानमध्ये डावीकडून गाड्या चालतात आणि लाल दिव्यावर डावीकडे वळायला सरसकट मनाई आहे. अपवाद असेल तिथे पांढऱ्या पाटीवर निळा बाण असतो. आता घोळ बघा: जपानमध्ये एकेरी रस्त्याची पाटी म्हणजे निळ्या पाटीवर पांढरा बाण! रंगांची नुसती अदलाबदल. परदेशातून आलेला माणूस पहिल्यांदा गोंधळला तर नवल नाही.

सिंगापूरमध्येही पाटी असेल तरच डावीकडे वळता येतं, तेही पूर्ण थांबून. ऑस्ट्रेलियाच्या काही चौकांतल्या पाटीवर तर ती अटच लिहिलेली असते: थांबल्यानंतर लाल दिव्यावर डावीकडे वळण्यास परवानगी. किती सुंदर पाटी आहे ही! आधी थांबा, मग वळा, सगळं एका ओळीत. थायलंडमध्ये मात्र चौकाचौकांत डावीकडे थेट निघून जायची पाटी दिसते, आपल्या फ्री लेफ्टसारखी.

कॅनडाच्या क्युबेक प्रांतानं बराच काळ ही मुभा दिलीच नव्हती. १३ एप्रिल २००३ पासून दिली, पण मॉन्ट्रियल बेट वगळून. बेटावर आजही लाल म्हणजे थांबा. पूल ओलांडला की वळा.

दक्षिण कोरियाची बातमी ताजी आहे. तिथे लाल दिव्यावर उजवीकडे वळायची सवय इतकी मुरलेली होती की थांबायचं कुणाच्या मनातही येत नसे. मग २२ जानेवारी २०२३ पासून नियम कडक झाला: समोरचा दिवा लाल असेल तर वळण्याआधी गाडी पूर्ण थांबलीच पाहिजे. पहिले तीन महिने समजावण्यात गेले, नंतर दंड सुरू झाला. काही चौकांत उजव्या वळणाचा वेगळा सिग्नलच बसवला आहे, म्हणजे थांबायचं की नाही हा वाद संपला.

उजवीकडे जायचंय? मग डावीकडे उभे राहा!

मेलबर्नचा नियम पहिल्यांदा वाचला तर छपाईची चूक वाटेल. ऑस्ट्रेलियात आपल्यासारख्याच गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे उजवं वळण अवघड. आणि शहराच्या मध्यभागी, रस्त्याच्या बरोबर मधून ट्राम धावते. मेलबर्नचं ट्रामचं जाळं जगातलं सगळ्यात मोठं, सुमारे २५० किलोमीटरचं. उजवीकडे वळायला एखादी गाडी मधल्या रुळांवर वाट बघत उभी राहिली तर मागे ट्रामची रांग लागेल.

म्हणून तिथे उजवीकडे वळायचं असेल तर सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये यायचं. हिरव्या दिव्यावर चौकात शिरायचं आणि उजवीकडचा इंडिकेटर चालू ठेवून चौकाच्या डाव्या कडेला, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांना अडथळा न करता उभं राहायचं. सरळ जाणाऱ्या गाड्या आणि ट्राम शेजारून निघून जातात. ज्या रस्त्यावर शिरायचंय तिथला दिवा हिरवा झाला, म्हणजे आपण ज्यावरून आलो तो लाल झाला, की सगळ्या लेन ओलांडून एका झटक्यात उजवीकडे! लाल दिव्यावर वळणं इथे सक्तीचं आहे म्हणा ना. बाहेरगावच्या ड्रायव्हरला पहिल्या वेळी घाम फुटतो, पण मेलबर्नकरांना त्यात काही विशेष वाटत नाही.

तैवानमध्ये हेच तत्त्व स्कूटरसाठी वापरतात. मोठ्या चौकात स्कूटरवाल्यानं थेट डावीकडे वळायचं नाही. आधी सरळ पुढे जायचं, आडव्या रस्त्याच्या तोंडाशी आखलेल्या पांढऱ्या चौकोनात तोंड वळवून उभं राहायचं आणि तिथला दिवा हिरवा झाला की निघायचं. चौकोनात पन्नास स्कूटर दाटीवाटीनं उभ्या आहेत आणि दिवा सुटताच झुंडीनं निघताहेत, हे दृश्य दुचाकींच्या पुण्याला शोभेल असं आहे. आपल्याकडे उजवीकडे वळणारा दुचाकीवाला चौकाच्या मधोमध, चारही बाजूंनी येणाऱ्या गाड्यांत अडकलेला असतो. त्याच्यासाठी असा एक रंगवलेला चौकोन किती कामाचा ठरेल!

टाळता येईल ते वळण टाळा

अमेरिकेत यूपीएस या कुरियर कंपनीच्या तपकिरी गाड्या गल्लोगल्ली फिरतात. कंपनीचं धोरण असं की ड्रायव्हरनं शक्यतो डावीकडे, म्हणजे तिथल्या अवघड बाजूला, वळूच नये. मार्ग आखतानाच वळणं उजवी घ्यायची, थोडा वळसा पडला तरी चालेल. सुमारे ९० टक्के वळणं उजवी असतात, असं कंपनी सांगते. समोरच्या गाड्या संपायची वाट बघण्यात जाणारा वेळ, जळणारं इंधन आणि होणारे अपघात, तिन्ही वाचतात. लाल दिव्यावर उजवीकडे वळायची मुभाही या गणितात मदतीला येते.

दिव्याला गाडी दिसतच नाही तेव्हा

बऱ्याच परदेशी चौकांत दिवा गाडी आल्यावरच बदलतो. लोकांना वाटतं रस्त्याखाली वजनकाटा आहे. तसं नसतं. डांबरात तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. त्यातून वीज वाहते, वर धातूची गाडी आली की वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो, आणि सिग्नलला कळतं की कुणीतरी आलंय. पण मोटरसायकलचा धातू थोडा. कधी कधी वेटोळ्याला तिचा पत्ताच लागत नाही, आणि रात्री दोन वाजता रिकाम्या चौकात स्वार न बदलणाऱ्या लाल दिव्याकडे बघत बसतो. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कायदा केलाय: ठरावीक वेळ थांबा, दोन्हीकडे बघा, कुणी नसेल तर लाल असतानाही सावकाश जा.

आयडाहो राज्य सायकलींच्या बाबतीत याहून पुढे गेलं. १९८२ मध्ये तिथे सायकलस्वारांना मुभा मिळाली की ‘थांबा’च्या पाटीला, रस्ता मोकळा असेल तर, वेग कमी करून पुढे जा. आज लाल दिव्याला ते थांबून, बघून पुढे जाऊ शकतात. पॅरिसमध्ये अनेक सिग्नलखाली पिवळ्या सायकलचं चिन्ह असलेली छोटी त्रिकोणी पाटी दिसते. ती असेल तिथे पादचाऱ्यांना आधी जाऊ देऊन सायकलवाल्यांनी लाल दिवा ओलांडून बाणाच्या दिशेनं जायला हरकत नाही. ही मुभा सायकललाच का? सायकलस्वाराला काचेचा आडोसा नसतो, गाडीच्या काचेशेजारच्या खांबाआड काही लपत नाही, कान उघडे असतात. आणि धडक बसलीच तर एका टनाच्या गाडीची आणि सायकलची धडक यांत फरक आहेच.

आपला फ्री लेफ्ट

आता घरी येऊ.

आपल्या शहरांत फ्री लेफ्ट हा चौकातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा विषय आहे. सरळ जाणारी एखादी गाडी चुकून डाव्या लेनमध्ये पहिल्या नंबरला उभी राहिली की मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू होतो. "ओ काका, लेफ्ट फ्री आहे, सरका ना पुढे!" काका बिचारे सरकतात आणि थेट झेब्रावर जाऊन उभे राहतात. आता पादचाऱ्यानं जायचं कुठून?

फ्री लेफ्टची खरी अडचण इथे आहे. साध्या चौकात गाड्यांचा दिवा लाल झाला की पादचाऱ्याला तेवढे सेकंद तरी हक्काचे मिळतात. जिथे डावीकडची रांग कधी थांबतच नाही, तिथे पादचाऱ्यासाठी चौक कधीच पूर्ण थांबत नाही. त्याचा हिरवा माणूस लागतो, पण डावीकडून रिक्षा येतच असते. म्हणून म्हातारी माणसं हात वर करून, अंदाज घेत, गाड्यांच्या मधून वाट काढतात. ज्या चौकात डावीकडे जायला वेगळी लेन काढलेली असते तिथे तर त्यांना दोन टप्प्यांत रस्ता ओलांडावा लागतो आणि मधल्या त्रिकोणी बेटावर कुणीतरी दुचाकी लावून ठेवलेली असते.

दंडाचं म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात लाल दिवा तोडणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा डावीकडे वळताना पाटी बघा, हिरवा बाण बघा. दोन्ही नसेल तर मागचा कितीही हॉर्न वाजवू दे, जागचं हलू नका.

हॉर्नवरून आठवलं. मुंबई पोलिसांनी याच हॉर्नवाल्यांना एकदा झकास धडा दिला. काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडली. लाल दिव्याला उभं असताना हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे उलटे मोजले जाणारे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! जितका हॉर्न, तितकी वाट. त्या प्रयोगाचा व्हिडिओ २०२० च्या सुरुवातीला देशभर फिरला. लोक आकड्याकडे बघून चक्रावलेले, एकमेकांना "वाजवू नका रे" म्हणणारे. लाल दिव्याला गप्प उभं राहण्याची सवय लावायला याहून बरी युक्ती मी पाहिलेली नाही.

आपल्या फ्री लेफ्टच्या पाट्या नुसत्या मुभा देतात. ऑस्ट्रेलियाच्या पाटीसारखी थांबण्याची अट त्यांवरही लिहायला काय हरकत आहे? आणि वळणाचा कोपरा जरा काटकोनी ठेवला, पसरट गोल केला नाही, तर गाडीला वेग धरता येत नाही. झेब्रा थोडा उंचावला तर गाडीला झेब्राशीच वेग कमी करावा लागतो. रस्ता बांधणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं. आपण नागरिकांनी प्रत्येक नव्या चौकाच्या वेळी ते मागायला हवं.

अमेरिकेचा विचार पालटतोय

गंमत म्हणजे ज्या देशानं ही मुभा देशभर पसरवली, तिथलीच शहरं आता ती मागे घेऊ लागलीत. वॉशिंग्टन डीसीच्या नगर परिषदेनं २०२२ मध्ये लाल दिव्यावरच्या वळणाला सरसकट मनाई करणारा कायदा मंजूर केला. अनेक शहरांत पादचाऱ्यांचा हिरवा दिवा गाड्यांच्या आधी तीन ते सात सेकंद लागतो, म्हणजे गाडी वळायच्या आत माणूस झेब्राच्या मध्यापर्यंत पोचलेला असतो, ठळक दिसतो. पण लाल असतानाही गाडी वळू शकत असेल तर त्या राखीव सेकंदांचा उपयोगच जातो. दोन नियम एकमेकांच्या आड येतात, आणि अशा वेळी पादचाऱ्याच्या बाजूचा नियम राखायला हवा, असं आता तिथले वाहतूक अभियंतेही म्हणू लागलेत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. दाट वस्ती, वृद्ध माणसं, लहान मुलं, आणि बऱ्याच घरांत गाडीच नाही. तिथे २०२१ मध्ये पन्नासहून अधिक चौकांत लाल दिव्यावर वळायला मनाईच्या पाट्या लागल्या. नंतर शहरानं पाहणी केली तेव्हा बहुतेक ड्रायव्हर पाटी पाळत होते. आणि वळायच्या घाईत स्टॉप लाइन ओलांडून झेब्रावर येऊन उभ्या राहणाऱ्या गाड्या खूपच कमी झाल्या होत्या.